घर आपलं, मग जमीन सरकारची कशी? भगतसिंगांचे चुलते सरदार अजितसिंग यांची गोष्ट

गावात घर बांधणं म्हणजे काय, हे गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. यंदा पाया, पुढच्या वर्षी भिंती, त्याच्या पुढच्या वर्षी पत्रे. ओटा व्हायचा तो लेकीच्या लग्नाआधी घाईघाईने. आणि एवढं सगळं करून झाल्यावर कुणीतरी कानात सांगतं, की जागेला सरकारची अट आहे, जरा कागद बघून घ्या. त्या दिवसापासून घर तेच असतं, पण घरातल्या माणसाची झोप उडालेली असते.

सव्वाशे वर्षं होत आली, पंजाबातल्या हजारो घरांवर हीच वेळ आली होती. सरकार एक नवा कायदा आणत होतं. घर कसं ठेवायचं, दारातलं झाड तोडायचं की नाही, बाप मेल्यावर जमीन कोणत्या पोराला द्यायची, हे सगळं त्यात सरकारी साहेब ठरवणार होता. शेतकरी उठला. तीन महिन्यांत इंग्रज सरकारला तो कायदा गुंडाळून ठेवावा लागला. हे गांधीजी आफ्रिकेतून परत येण्याच्या आठ वर्षं आधीचं, म्हणजे १९०७ सालचं.

त्या उठावाचं तोंड होते सरदार अजितसिंग. भगतसिंगांचे सख्खे चुलते. भगतसिंगांचा फोटो आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून रिक्षाच्या काचेपर्यंत सगळीकडे दिसतो. पण चुलत्याचं नाव विचारलं तर शंभरात दोन जण सांगतील की नाही, शंका आहे.

अजितसिंगांचा जन्म २३ फेब्रुवारी १८८१ चा, जालंधर जिल्ह्यातल्या खटकड कलां गावचा. वडील अर्जनसिंग शेतकरी होते, घराणं शीख, पण विचार आर्य समाजाचे. मुलं तीन. थोरले किशनसिंग, म्हणजे भगतसिंगांचे वडील. मधले अजितसिंग. धाकटे स्वर्णसिंग. अजितसिंगांची शाळा जालंधरला झाली. पुढे वकिलीचं शिकायला ते बरेलीला गेले, पण ते शिक्षण पुरं झालं नाही. मग लाहोरला येऊन परदेशी साहेबांना इथल्या भाषा शिकवायच्या, त्यावर पोट चालवायचं, असं सुरू झालं. वकील झाले नाहीत खरे, पण कायद्याचा कागद वाचून त्यातली मेख ओळखायची नजर मात्र आली. पुढची सगळी कहाणी त्या नजरेची आहे.

रानात वसवलेली गावं

आता थोडं मागे जाऊ, नाहीतर भांडण कशावरून झालं ते कळायचं नाही.

रावी आणि चिनाब या दोन नद्यांच्या मध्ये मोठा कोरडा मुलूख होता. पाऊस नाही, खुरटी झुडपं, आणि गुरं-उंट घेऊन फिरणारी माणसं. इंग्रजांनी चिनाब नदीतून कालवा काढला. १८९२ साली त्याला पाणी सुटलं आणि रानाची शेतं झाली. १८ ते २० लाख एकर जमीन भिजेल एवढा तो पसारा होता. सरकारने ही सगळी जमीन आपली म्हणून जाहीर केली आणि तिथे माणसं आणून वसवायला सुरुवात केली. मधोमध शहर उभं राहिलं, त्याला पंजाबच्या गव्हर्नर साहेबाचं नाव दिलं, लायलपूर. आज ते पाकिस्तानात आहे, फैसलाबाद म्हणून. (जी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत होती त्यांच्या चराईचं काय झालं, हा वेगळाच विषय आहे. सरकारी दप्तरात त्यांना जंगली म्हणून लिहून ठेवलंय, एवढ्यावरून काय ते समजा.)

नव्या गावांना नावं नव्हती, नंबर होते. चक नंबर अमुक, चक नंबर तमुक. जमीन पट्टीने आखावी तशी चौकोनी तुकड्यांत पाडलेली. एका चौकोनाला मुरब्बा म्हणत, चिनाबकडे तो सुमारे २८ एकरांचा. गावठाणही आखलेलं, गल्ल्या सरळ. जालंधर, अमृतसर, होशियारपूर, सियालकोट अशा जिल्ह्यांतून शेतकरी आले. त्यांच्या मूळ गावी वाटण्या होऊन होऊन शेताच्या चिंध्या झाल्या होत्या. इथे एकदम मुरब्बाभर जमीन आणि वर कालव्याचं पाणी. अर्जनसिंगांनीही या वसाहतीत जमीन घेतली, चक नंबर १०५, बंगा. म्हणजे अजितसिंगांनी ज्या घरांसाठी भांडण केलं त्यात एक घर त्यांच्या बापाचंही होतं.

फुकट काही नव्हतं. साध्या शेतकऱ्याला जमीन मिळायची ती मालकीने नव्हे, वहिवाटीने. आपल्याकडे सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं असतं ना, बरंचसं तसं. कसा, खा, पण विकू नका, गहाण टाकू नका. त्याच गावात राहायचं, बाहेरगावी राहून शेती करायची नाही. घर बांधायचं. आवार स्वच्छ ठेवायचं. झाडं लावायची, पण विचारल्याशिवाय तोडायची नाहीत. शेजारच्या झेलम वसाहतीत तर आणखी एक तऱ्हा होती. तिथे कितीतरी शेतकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात फौजेसाठी घोडी पाळावी लागे. घोडी नाही तर जमीन नाही.

लोकांनी हे मान्य केलं होतं. पाण्याची जमीन मिळत असेल तर माणूस अटींवर अंगठा उठवतोच. शिवाय आज ना उद्या हे आपलंच होणार, असा त्यांचा समज होता. सुरुवातीच्या वर्षांत सरकारी माणसं बोलतही तसंच असत.

मग दंड सुरू झाले. उकिरडा चुकीच्या जागी घातला, दंड. घराभोवती घाण, दंड. झाड तोडलं, दंड. कालव्याच्या पाण्यात काही इकडचं तिकडे झालं, दंड. दंड बसवायचा वसाहत अधिकाऱ्याने, पण त्याच्यापर्यंत चुगली न्यायची खालच्या कारकुनाने. कारकुनाच्या हातावर काहीतरी ठेवलं की उकिरडा दिसेनासा होई. हा धंदा कसा चालतो ते वाचकांना फोड करून सांगायला नको. गंमत अशी, की या दंडाला कायद्याचा नीट आधारच नव्हता. लोक कोर्टात जायला लागले तेव्हा साहेबांची अडचण झाली.

कायद्यात काय लिहिलं होतं

ही अडचण काढण्यासाठी १९०६ च्या अखेरीस पंजाब सरकारने वसाहतींच्या जमिनीचं नवं विधेयक आणलं. पंजाबच्या कायदेमंडळात तेव्हा लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, सगळे सरकारने नेमलेले. तिथे विधेयक अडण्याचा प्रश्नच नव्हता. १९०७ च्या सुरुवातीला ते मंजूर झालं. आता फक्त व्हाइसरॉयची सही बाकी होती.

त्यातल्या चार गोष्टी शेतकऱ्याच्या जिव्हारी लागल्या.

पहिली गोष्ट वारसाची. बाप गेला की जमीन सगळ्या पोरांत वाटायची नाही, एकाच वारसाकडे जाईल. आणि थेट वारस नसेल तर ती सरकारजमा होईल. विचार करा, तीन भाऊ एका घरात वाढलेले, तिघांनी मिळून रान मोडलेलं. उद्या दोघांनी उठून कुठं जायचं? आणि ज्याच्या पोटी मूलबाळ नाही त्याने जन्मभर कुणासाठी राबायचं?

दुसरी गोष्ट अटींची. जे दंड आजवर नुसत्या साहेबाच्या हुकमाने बसत होते, ते आता कायद्यानेच बसणार. घर, झाड, आवार, सगळं त्यात आलं.

तिसरी गोष्ट फार वाईट होती. हे नवे नियम नव्याने येणाऱ्यांपुरते नव्हते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जे येऊन वसले, ज्यांच्याशी सरकारने आधीच करार केले होते, त्यांनाही ते लागणार होते. म्हणजे सौदा एका भावाने आणि पैसे देताना भाव दुसरा.

आणि चौथी, कोर्टाचा दरवाजा बंद. वसाहत अधिकाऱ्याने दिलेल्या निकालावर दिवाणी न्यायालयात दाद मागायची सोय काढून टाकली होती.

सरकारचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं नाही. जमिनीचे तुकडे पडत राहिले तर नातवाच्या वाट्याला काही उरत नाही, हे ते शेतकरी आपल्या मूळ गावी भोगूनच आले होते. कितीतरी जमीनवाले शहरात बसून शेती वाट्याने लावत होते, तेही खरं. रोगराईच्या त्या काळात गाव स्वच्छ ठेवायला सांगणंही चूक नव्हतं. आमच्या मते चूक होती ती दुसरीकडे. नियम करताना ज्याच्या घरावर नियम लागणार त्याला एका शब्दाने विचारलं नाही, आणि नंतर तक्रार करायला जागा ठेवली नाही.

त्यातच सरकारने आणखी एक काडी टाकली. बारी दोआब कालव्याची पाणीपट्टी वाढवली. हा कालवा अमृतसर, गुरदासपूर, लाहोर भागातला, जुन्या गावांचा. एरवी त्या गावांना लायलपूरच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. आता त्यांनाही राग यायला कारण मिळालं. रावळपिंडीकडे शेतसारा वाढला होता, म्हणजे तोही भाग पेटायला तयार.

पगडीची आठवण

अर्ज-विनंत्या आधीच सुरू झाल्या होत्या. सिराजुद्दीन अहमद म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते जमीनदार नावाचं वर्तमानपत्र चालवत. त्यांनी वसाहतीतल्या लोकांना एकत्र केलं, सभा घेतल्या, सरकारकडे निवेदनं धाडली. भाषा सगळी अदबीची. सरकारने ती निवेदनं वाचली असतील, नसतील.

अजितसिंग यात उतरले ते वेगळ्या रीतीने. लाहोरमध्ये त्यांनी भाऊ किशनसिंग, सूफी अंबाप्रसाद आणि इतर तरुणांबरोबर एक संघटना काढली होती, भारतमाता सोसायटी. ते कायद्याचा कागद घेऊन लोकांपुढे उभे राहत आणि त्यातलं एकेक कलम पंजाबीत, शेतावरच्या बोलीत उलगडून सांगत. तुझी जमीन, तुझी तीन पोरं, त्यातली दोन कुठं जाणार सांग. हे झाड तू लावलंस, ते तोडायला परवानगी कुणाची घेणार सांग. कायद्याची भाषा वकिलांची असते. ती शेतकऱ्याच्या भाषेत कुणी आणली की सरकार का घाबरतं, ते इथे दिसलं. पाणीपट्टी भरू नका, सारा भरू नका, इथपर्यंत त्यांचं बोलणं जाई.

१९०७ च्या मार्च महिन्यात लायलपूरला गुरांचा बाजार भरला होता. गावोगावचे शेतकरी बैलजोड्या घेऊन आलेले. तिथेच मोठी सभा झाली. लाला लजपतराय बोलायला आले होते, अजितसिंगही होते. लालाजींचा सूर त्या मानाने सबुरीचा होता, अजितसिंगांचा तसा नव्हता. त्याच सभेत झंग सियाल या वर्तमानपत्राचे संपादक बांकेदयाल यांनी आपलं एक गाणं म्हटलं, पगडी संभाळ जट्टा. जट्ट म्हणजे तिथला शेतकरी, कुणबी म्हणा हवं तर. पगडी म्हणजे डोक्यावरचं पागोटं, आणि पागोटं म्हणजे इज्जत. आपल्याकडेही पागोटं उतरलं म्हणजे काय होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्या गाण्याने असा काही ठेका धरला की गावोगाव तेच तोंडी झालं आणि सगळ्या आंदोलनालाच ते नाव पडलं.

या सभांना शीख होते, हिंदू होते, मुसलमान होते. वसाहतीचा कायदा धर्म बघून लागणार नव्हता, त्यामुळे माणसंही धर्म बघून आली नाहीत. पुढे चाळीस वर्षांनी त्याच लायलपूरमध्ये काय झालं ते आठवलं की हे मुद्दाम लिहून ठेवावंसं वाटतं.

एक मात्र मान्य करायला हवं. अजितसिंगांना फक्त वसाहतीचा कायदा घालवायचा नव्हता, इंग्रजांनाच घालवायचं होतं. त्या सालाला १८५७ च्या उठावाला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पुढे लंडनच्या संसदेत भारतमंत्री मोर्ले यांनी हिशेब मांडला, की १ मार्च ते १ मे या दोन महिन्यांत पंजाबात अशा २८ सभा झाल्या, त्यातल्या फक्त ५ शेतीच्या गाऱ्हाण्यांच्या, बाकी सगळ्या राजकारणाच्या. सरकारला यातून असं दाखवायचं होतं की शेतकरी बिचारा भोळा आहे, त्याला कुणीतरी फूस लावली. पण ज्याच्या घराचा वारस सरकार ठरवणार आहे, त्याला फूस लावायला बाहेरचा माणूस कशाला लागतो?

सही झाली नाही

एप्रिलमध्ये अजितसिंगांचं रावळपिंडीत जहाल भाषण झालं. मेच्या सुरुवातीला तिथे दंगल उसळली. पंजाबचे नवे लेफ्टनंट गव्हर्नर डेन्झिल इबेट्सन यांनी व्हाइसरॉयला कळवलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय. १८१८ चा एक जुना नियम होता, त्याखाली कुणालाही खटला न चालवता हद्दपार करता येई. ९ मे रोजी लजपतरायांना त्याखाली धरलं आणि थेट ब्रह्मदेशात, मंडालेला नेलं. अजितसिंग सापडले नाहीत. ते जवळजवळ महिनाभर पोलिसांना हुलकावणी देत राहिले.

सरकारची खरी भीती वेगळीच होती. इंग्रजांच्या फौजेत पंजाबी शिपाई फार. ते शिपाई याच शेतकऱ्यांची पोरं. वसाहतीत कितीतरी मुरब्बे फौजेतून निवृत्त झालेल्यांना दिलेले होते. घरून पत्र जाणार की आपली जमीन सरकारजमा होणार आहे, आणि ते पत्र बंदूक हातात असलेल्या पोराने वाचायचं. हे गणित सिमल्याला कळलं. सरसेनापती किचनर यांनाही फौजेतल्या असंतोषाची धास्ती होती.

२६ मे १९०७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी विधेयकाला संमती नाकारली. कायदेमंडळाने मंजूर केलेला कायदा व्हाइसरॉयने अडवणं ही रोजची गोष्ट नव्हती. पाणीपट्टीची वाढही मागे पडली.

अजितसिंग तेव्हा लपलेले होते. कायदा मेला त्याच्या आठवडाभराने, २ जूनला, ते अमृतसरला पकडले गेले. म्हणजे मागणी मान्य आणि मागणारा मंडालेला. सरकारी कारभाराची ही रीत काही नवी नाही.

नुसता कायदा अडवून भागणार नव्हतं, हेही सरकारला कळलं. वसाहतींच्या चौकशीसाठी समिती नेमली, ती गावोगाव फिरली. आधी विचारलं नव्हतं ते नंतर विचारलं. शेवटी १९१२ साली नवा वसाहत कायदा आला आणि त्यात वहिवाटदार शेतकऱ्याला किंमत भरून आपल्या जमिनीची पूर्ण मालकी घेण्याची वाट खुली झाली. सगळ्या अटी गेल्या असं नाही. घोडी पाळणाऱ्यांच्या मागची घोडी सुटली नाही. पण मालकीचा कागद मिळू लागला. तो मिळाला तेव्हा अजितसिंग देशातच नव्हते.

अडतीस वर्षं बाहेर

१९०७ च्या नोव्हेंबरात अजितसिंग आणि लालाजी दोघंही सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरात बंग्याच्या घरात किशनसिंगांना मुलगा झाला होता, तो भगतसिंग. सहाच महिन्यांपूर्वी ज्याच्यासाठी भांडण झालं, त्याच वसाहतीतल्या घरात.

डिसेंबरात सुरतेला काँग्रेस भरली. जहाल आणि मवाळ यांचं तिथे खुल्या मांडवात फाटलं, ते प्रसिद्ध आहे. अजितसिंग तिथे होते, आणि अर्थातच लोकमान्य टिळकांच्या बाजूला होते. पुढच्याच वर्षी टिळकांनाही सरकारने मंडालेला पाठवलं, सहा वर्षांसाठी. सुरतेहून परत गेल्यावर अजितसिंगांनी सूफी अंबाप्रसादांबरोबर लाहोरमधून एक पत्र काढलं. त्याचं नाव काय असेल? पेशवा. पंजाबात, उर्दूत निघणारं पत्र, आणि नाव पुण्याचं.

पत्र फार दिवस चालणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पुन्हा अटकेची चिन्हं दिसताच १९०९ साली अजितसिंग कराचीमार्गे इराणला निसटले. तिथे त्यांनी मिर्झा हसन खान हे नाव घेतलं. सूफी अंबाप्रसाद इराणमध्येच वारले. अजितसिंग पुढे तुर्कस्तान, फ्रान्स, स्वित्झर्लंड असं करत १९१४ साली ब्राझीलला पोचले. तिथे अठरा वर्षं काढली. मग परत युरोपात. इटलीत फारसी शिकवली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रेडिओवरून हिंदुस्थानी सैनिकांसाठी भाषणं केली, इटलीच्या कैदेत सापडलेल्या आपल्या शिपायांची पलटण उभी करायची खटपट केली. या भानगडीवर मतं वेगवेगळी असू शकतात. मुसोलिनीच्या राज्यात राहून स्वातंत्र्याचं बोलायचं, हे आज वाचताना अडखळतंच. पण तीसहून अधिक वर्षं घराबाहेर असलेल्या माणसाने इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र एवढंच बघितलं, असं दिसतं. त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्याचं नाव बरीड अलाइव्ह, म्हणजे जिवंत गाडलेला.

इकडे घरात काय चाललं होतं? धाकटे स्वर्णसिंग तुरुंगात खंगले आणि १९१० साली क्षयाने गेले, वय जेमतेम तेवीस. त्यांची विधवा हुकमकौर घरात. अजितसिंगांची बायको हरनामकौर, ती ना सवाष्ण ना विधवा अशी. नवरा जिवंत आहे की नाही याची खात्री नाही, पत्र आलं तर पोलीस आधी वाचणार. पोटी मूल नाही. या दोघी चुलत्यांच्या अंगाखांद्यावर भगतसिंग वाढला. पोराच्या डोक्यात इंग्रजांविषयी राग कुठून आला, म्हणून पुस्तकं धुंडाळणाऱ्यांनी आधी त्या घरातल्या या दोन बायकांकडे बघावं. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग फासावर गेला. चुलता तेव्हा ब्राझीलमध्ये होता. चुलत्या-पुतण्याची भेट पुतण्याला कळतं वय आल्यावर एकदाही झाली नाही.

युद्ध संपलं तेव्हा अजितसिंग दोस्तांच्या हाती लागले. जर्मनीतल्या छावण्यांत त्यांना ठेवलं, तिथे तब्येत पार ढासळली. इकडे नेहरूंचं हंगामी सरकार आलं, त्याने प्रयत्न केले, आणि १९४७ च्या मार्चमध्ये, अडतीस वर्षांनी, ते परतले. गेले तेव्हा वय अठ्ठावीस, आले तेव्हा सहासष्ट. हरनामकौर भेटायला गेली. समोरचा म्हातारा आपलाच नवरा आहे हे तिला पटेना, तिने जुन्या खुणा विचारून खात्री करून घेतली, असं सांगतात. अडतीस वर्षं वाट बघितलेल्या बाईने एवढं तर विचारायलाच हवं.

थंड हवेला म्हणून त्यांना डलहौसीला नेलं. तिथेच १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे त्यांनी प्राण सोडला. मध्यरात्री देश स्वतंत्र झाला होता, तेवढं त्यांना ऐकायला मिळालं. डलहौसीजवळ पंजपुला इथे त्यांची समाधी आहे. २०२१ साली दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी २३ फेब्रुवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, पगडी संभाळ दिवस म्हणून पाळला, तेव्हा कितीतरी जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल.

दोन दिवसांनी

१७ ऑगस्टला फाळणीची रेघ जाहीर झाली. लायलपूर पाकिस्तानात गेलं. चिनाबच्या वसाहतीतले शीख आणि हिंदू शेतकरी बैलगाड्या जुंपून, गुरं पुढे घालून निघाले. ज्या घराच्या वारसासाठी १९०७ मध्ये सभा झाल्या होत्या, त्या घरांना कुलूप लावून, कुठे कुठे तर तेही न लावता. बंग्याचं १०५ नंबरचं गावही त्यातच.

पूर्व पंजाबात आल्यावर त्यांना मोबदल्यात जमीन मिळायची होती. त्यासाठी आपण मागे किती जमीन सोडून आलो याचा दावा भरायचा, आणि तो पश्चिम पंजाबातून मागवलेल्या महसुली दप्तराशी ताडून बघायचा, असं ठरलं. मोठा दावा असेल तर मोठी कपातही होती. नोंद नीट असलेल्यांचे दावे उभे राहिले. जालंधर, लुधियाना, अमृतसर या जिल्ह्यांत, जिथून त्यांचे आजे मुरब्ब्याच्या आशेने निघाले होते तिथेच परत येऊन, त्यांनी दप्तरातल्या जुन्या नोंदीवर नवी जमीन घेतली आणि पुन्हा पाया खणायला सुरुवात केली.